अर्धे कवच : हौशी ट्रॅकचालकाच्या संरक्षणसाधनांचा आढावा

शर्यतीच्या ट्रॅकवर आपली रोजच्या वापरातील मोटार चालविण्याची मुभा ज्याला हवी असते, त्याच्या हाती प्रवेशाची पावती पडण्याआधी एक यादी पडते. त्या यादीत हेल्मेट असते, अंगभर सुती कपडे असतात, पाय पूर्ण झाकणारे बूट असतात, गाडी उघड्या छताची असल्यास रोल बारची, म्हणजे गाडी उलटल्यास डोके वाचविणाऱ्या पोलादी कमानीची, अट असते. आणि सरतेशेवटी, आपल्या जिवाची व मालमत्तेची जोखीम आपण राजीखुशीने पत्करीत आहोत अशा मजकुराचा एक कागद असून त्याखाली सही करावयाची असते. बहुतेक हौशी माणसे ही यादी कचेरीतल्या अर्जासारखी वाचतात : काय जोडले म्हणजे अर्ज मंजूर होईल, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. परंतु यादीतील जवळजवळ प्रत्येक कलमामागे कोणा ना कोणाचा मृत्यू किंवा होरपळलेला देह उभा आहे, आणि ते कलम शरीराच्या कोणत्या भागावरचा भार कोठे नेऊन ठेवते हे उमजल्यावाचून केलेले त्याचे पालन कधी अपुरे, तर कधी प्रत्यक्ष अपायकारकही ठरते. म्हणून या नियमांचा उगम, त्यांमागील शास्त्र, निरनिराळ्या देशांतील त्यांची मांडणी आणि आपल्याकडील स्थिती यांचा एकत्र परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम या छंदाचे स्वरूप निश्चित करून घेतले पाहिजे. हौशी ट्रॅकचालन ही शर्यत नाही. तेथे बक्षीस नसते, क्रमांक लागत नाहीत, आणि पुढच्या चालकाने खिडकीतून हात दाखवून वाट दिल्याखेरीज त्याला ओलांडता येत नाही असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९९१ सालची नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन आणि निरनिराळ्या गाड्यांच्या मालकांचे संघ असे वर्ग भरवितात, व नवशिक्याच्या शेजारी बसून शिकविणारा अनुभवी शिक्षक ही त्या वर्गांची जुनी परंपरा आहे. ब्रिटनमध्ये यालाच ‘ट्रॅक डे’ म्हणतात, आणि फेरीची वेळ मोजणेच तेथे निषिद्ध असते; कारण घड्याळ आले की स्पर्धा आली, आणि स्पर्धा आली की स्पर्धेचे कायदे आले. या शेवटच्या मुद्द्यातच आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. शर्यत नसल्यामुळे शर्यतींचे नियमन करणाऱ्या संस्थांची कडक फर्माने येथे लागू होत नाहीत, आणि सार्वजनिक रस्ता नसल्यामुळे रहदारीचा कायदाही येथवर पोचत नाही. दोन अंमलांच्या मधे जो हा चिंचोळा मुलूख उरला आहे, तेथे आयोजकाची यादी हाच कायदा होय. आणि ती यादी किती शहाणपणाने केली आहे व चालकाने ती किती समजून घेतली आहे, यावरच सारे अवलंबून राहते.

डोक्याच्या रक्षणाचा विचार मोटारींच्या आधी मोटारसायकलींच्या संदर्भात सुरू झाला. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवरील वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास व लाख यांची टोपी तयार करवून घेतली, आणि १९१४ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत तशी टोपी घालणे सक्तीचे झाले. पुढे मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने ख्यातकीर्त झालेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलीवरून पडले व सहा दिवस बेशुद्धावस्थेत राहून निवर्तले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स हे होते, आणि त्या मृत्यूची टोचणी मनात बाळगून त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या शिरोघातांचा जो अभ्यास आरंभिला, त्याचे पहिले महत्त्वाचे फलित १९४१ साली प्रसिद्ध झाले. हेल्मेट घातलेल्यांच्या इजा न घातलेल्यांपेक्षा सौम्य असतात, ही आज सामान्य वाटणारी गोष्ट त्या काळी निरीक्षणाने सिद्ध करून दाखवावी लागली. ग्रांप्री शर्यतींत मोटारचालकांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९५२ साली.

तथापि हेल्मेट डोक्यावर असणे आणि ते हेल्मेट कामाचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा प्रत्यय यावयास आणखी एक बळी जावा लागला. अमेरिकेतील हौशी शर्यतपटू विल्यम ऊर्फ पीट स्नेल यांची गाडी १९५६ साली एका शर्यतीत उलटली. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, पण ते त्यांचे रक्षण करू शकले नाही. त्यांच्या स्नेह्यांनी व डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांनी मिळून १९५७ साली स्नेल मेमोरियल फाउंडेशन ही संस्था काढली आणि १९५९ साली हेल्मेटांचे पहिले प्रमाणपत्रक जारी केले. हौशी चालकांच्या यादीतील ‘स्नेल’ हा शब्द आज एखाद्या व्यापारी मुद्रेसारखा उच्चारला जातो. वास्तविक ते एका हौशी चालकाचेच आडनाव आहे, आणि हेल्मेटाच्या आतील शिक्क्यावर ते जपले गेले आहे.

हेल्मेट नेमके करते काय, हे एका साध्या हिशेबाने कळते. अडीच मीटर उंचीवरून पडलेले डोके जमिनीला भिडते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर असतो. ते डोके अर्ध्या सेंटीमीटरात थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट मंदन सोसावे लागते; तेच डोके ३ सेंटीमीटर अंतरात थांबविता आले, तर हा आकडा सुमारे ८३ पटींवर येतो. हेल्मेटाचा सारा पराक्रम या अडीच सेंटीमीटरांत साठविलेला आहे. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवून देते व टोकदार वस्तूला आत शिरू देत नाही. आतला थर्माकोलसारखा थर चिरडला जाऊन डोक्याला थांबावयास अवकाश देतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसले तरी ते बाद समजावयाचे असते, आणि दुसऱ्याचे वापरलेले हेल्मेट स्वस्तात घेणे म्हणजे ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असा जामीन स्वीकारण्यासारखे आहे.

येथेच आपल्याकडील वाचकाच्या मनात सहज उद्भवणारा प्रश्न येतो : माझ्याकडे मोटारसायकलीचे उत्तम हेल्मेट आहे, तेच मोटारीत घालून ट्रॅकवर गेलो तर काय बिघडते? स्नेल संस्थेची प्रमाणपत्रके यासाठीच निरनिराळी आहेत : ‘एम’ हे मोटारसायकलीसाठी, ‘एसए’ हे मोटारशर्यतींसाठी, ‘के’ हे कार्टिंगसाठी. मोटारसायकलस्वार अपघातात वाहनापासून दूर फेकला जातो. मोटारचालक वाहनाच्या आत बांधलेला राहतो, आणि त्यामुळे दोघांची संकटे वेगळी होतात. आत राहिलेल्याला आगीचे भय असते, म्हणून ‘एसए’ हेल्मेटाला ज्वालेची परीक्षा द्यावी लागते. ‘एम’ हेल्मेटाला ती नाही. आत राहिलेल्याचे डोके लोखंडी नळीवर पुनःपुन्हा आदळू शकते, म्हणून ‘एसए’च्या परीक्षेत रोल बारच्या आकाराच्या ऐरणीवर हेल्मेट आपटून पाहतात. उलट रस्त्यावरील स्वाराला दोन्ही बाजूंची रहदारी दिसावी लागते, म्हणून ‘एम’ हेल्मेटात डोळ्यांसमोरची झरोक्याची रुंदी अधिक असावी लागते, आणि ‘एसए’ हेल्मेटाला ती कमी ठेवण्याची सवलत आहे. ही प्रमाणपत्रके साधारण दर पाच वर्षांनी नवी होतात, जसे एसए २०१०, एसए २०१५, एसए २०२०. आणि आयोजक बहुधा चालू व त्याच्या मागची एक-दोन प्रमाणपत्रके ग्राह्य धरतात. हेल्मेट सुमारे पाच वर्षांनी बदलावे अशी स्नेल संस्थेची शिफारस आहे. कारण घाम, केसांचे तेल, ऊन आणि हाताळणी यांनी आतले पदार्थ झिजत जातात.

आपल्या देशात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटासाठी आयएस ४१५१ हे प्रमाण आहे, मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने हेल्मेटाची सक्ती केलेली आहे, आणि १ जून २०२१ पासून त्या प्रमाणाचा शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. रस्त्यासाठी ही तरतूद योग्यच होय. पण तिची घडण दुचाकीच्या संकटासाठी झालेली आहे, हे ट्रॅकवर जाणाऱ्याने विसरू नये. अनेक आयोजक पहिल्या-दुसऱ्या खेपेस दुचाकीचे हेल्मेट चालवून घेतात, आणि छंदाची ओळख करून घेऊ पाहणाऱ्याला दारातच अडवू नये हा त्यांचा विचार समजण्यासारखा आहे. मात्र ही सवलत आहे, शिफारस नव्हे.

डोके वाचले, पण डोके ज्यावर उभे आहे त्या मानेचे काय? या प्रश्नाचे उत्तर मोटारशर्यतींच्या जगाने फार उशिरा ऐकले. १९८१ साली मिड-ओहायो येथे सराव करीत असता फ्रेंच चालक पॅट्रिक जाकमार यांचा मृत्यू झाला. देह पट्ट्यांनी आसनाला जखडलेला होता, पण डोके पुढे फेकले गेले, आणि कवटीच्या तळाचे हाड भंगले. त्यांचे मित्र व शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी हा प्रश्न आपले मेहुणे, मिशिगन राज्य विद्यापीठात शरीराच्या यांत्रिकीचे अध्यापन करणारे रॉबर्ट हबर्ड, यांच्यापुढे ठेविला. हबर्ड यांनी सुचविलेले साधन दिसावयास साधे होते : खांद्यांवर बसणारी, पट्ट्यांखाली दाबली जाणारी एक कडक कॉलर, आणि तिच्यापासून हेल्मेटाच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या दोन आखूड पट्ट्या. देह थांबला की डोकेही त्याच्याबरोबर थांबावे, एवढेच तिचे कार्य. हिलाच पुढे ‘हान्स’ हे नाव रूढ झाले.

या साधनाची गरज किती, हे पुन्हा हिशेबाने पाहू. ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीला भिडून तिचा पुढचा भाग चेपत चेपत १ मीटरात थांबली, तर आतील माणसाला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट मंदन लाभते. डोके व हेल्मेट मिळून ६ किलो धरले, तर त्या क्षणी मानेला जणू सुमारे अडीच क्विंटलांचा ओढा सोसावा लागतो. असे असूनही बरीच वर्षे बहुसंख्य चालकांनी ही कॉलर अडचणीची व गैरसोयीची म्हणून दूर ठेविली. १९९४ साली इमोला येथे फॉर्म्युला वनचे चालक रोलंड रात्झेनबर्गर गेले. अमेरिकेतील नॅस्कार शर्यतींच्या वर्तुळात मे २००० मध्ये अॅडम पेटी, जुलैमध्ये केनी अर्विन, ऑक्टोबरमध्ये टोनी रोपर, आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या अखेरच्या फेरीत स्वतः डेल अर्नहार्ट, असे एकामागून एक चालक त्याच प्रकारच्या इजेने गेले. त्यानंतर कोठे नॅस्कारने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात असे साधन सक्तीचे केले, आणि फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचे झाले. ज्ञान होते, साधन होते, किंमतही आवाक्याबाहेरची नव्हती. उणीव होती ती केवळ स्वीकाराची. हौशी चालकाने या वर्षांचे स्मरण ठेवावे. कारण त्याच्या मनात येणारी प्रत्येक सबब त्या काळात त्याच्याहून निष्णात माणसांनी देऊन झालेली आहे.

आता या आढाव्यातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. गांधारीच्या दृष्टीने दुर्योधनाचे सारे शरीर वज्राचे झाले, फक्त लाजेने झाकलेली मांडी तेवढी राहिली, आणि गदा पडली ती नेमकी तेथेच, ही लोककथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. संरक्षणसाधनांचे गणित याच जातीचे आहे. एक अंग बळकट केले म्हणजे आघात नाहीसा होत नाही; तो पुढच्या अंगाकडे सरकतो.

कारखान्यातून येणारा तीन टेकूंचा पट्टा, ज्याचे श्रेय १९५९ साली व्होल्वोमध्ये काम करणाऱ्या नील्स बोलिन यांना दिले जाते, देहाला काहीसे पुढे झुकू देतो. त्यामुळे धड व डोके बरोबरीने पुढे जातात आणि समोरची फुगणारी हवेची उशी दोघांना झेलते. हौशी चालकाला वळणावर आसनात घट्ट बसावेसे वाटते, आणि म्हणून त्याची पहिली खरेदी बहुधा शर्यतीच्या हार्नेसची, म्हणजे पाच किंवा सहा टेकूंच्या पट्ट्यांची असते. या पट्ट्यांनी धड पूर्ण जखडले जाते, आणि मग धडकेच्या वेळी पुढे जावयास मोकळे उरते ते एकटे डोके. म्हणजे मान सांभाळणाऱ्या साधनावाचून घेतलेला हार्नेस जाकमारांच्या इजेला स्वतःहून आमंत्रण देतो. बरे, हार्नेस आला की आसन बदलणे भाग पडते, कारण साध्या आसनाच्या पाठीतून खांद्यांचे पट्टे योग्य ठिकाणी जाऊ शकत नाहीत. ते पट्टे खांद्यापासून मागे आडव्या रेषेत, फार तर २० अंशांइतके खाली झुकलेले, न्यावयाचे असतात; मागच्या जमिनीला बांधले तर धडकेत ते मणक्यालाच खाली दाबतात. मांड्यांमधून येणारा पट्टा नसेल, तर देह कमरेच्या पट्ट्याखालून निसटतो व तो पट्टा पोटात रुततो. गाडी उलटली, तर साध्या पट्ट्यातील माणूस बाजूला झुकू शकतो, पण हार्नेसमधील माणूस खाली येणाऱ्या छताखाली ताठ बसलेला राहतो. म्हणून हार्नेसबरोबर रोल बार हवा. रोल बार आला की डोक्याजवळ पोलादी नळी आली. ती उशीसारख्या आच्छादनाने झाकली पाहिजे, आणि आतील माणसाच्या डोक्यावर हेल्मेट असलेच पाहिजे. ज्या गाडीला पूर्ण पिंजरा बसविलेला आहे, ती गाडी हेल्मेटावाचून रस्त्यावर चालविणे म्हणजे रोज डोक्याजवळ हातोडा टांगून प्रवास करणे होय.

या कड्या एकमेकींत इतक्या अडकलेल्या आहेत, की त्यांतील एकच सुटी उचलणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो. कारखान्याने बसविलेले आसन, पट्टा व हवेच्या उशा ही देखील एक पूर्ण साखळीच आहे, आणि ती एकत्रित कसोटीला उतरलेली आहे. तिच्या जागी दुसरी बसवावयाची असेल तर ती समग्र बसवावी; तोवर पहिली अभंग ठेवावी. आमच्या मते नवशिक्याला द्यावयाचा याहून मोलाचा सल्ला नाही, आणि छापील याद्यांत तो क्वचितच आढळतो. कारण यादी ‘काय असावे’ ते सांगते, ‘काय एकटे असू नये’ ते सांगत नाही.

उघड्या छताच्या गाड्यांविषयी मात्र अमेरिकी संघांच्या याद्या स्पष्ट असतात. रोल बारचे टोक आणि समोरच्या काचेच्या चौकटीचा वरचा काठ यांवर एक काठी आडवी ठेवून, हेल्मेट घालून बसलेल्या चालकाचे डोके त्या काठीखाली निदान २ इंच, म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटर, राहते की नाही हे तपासनीस पाहतो. अनेकांची उंची या काठीला अडते, आणि काही जणांना त्या दिवशी परत जावे लागते. असा परत पाठविलेला माणूस रुष्ट होतो खरा. परंतु गाडी उलटली असता ज्या पातळीवर जमीन येईल, तीच पातळी ती काठी दाखवीत असते.

आगीविषयीचे नियमही मृत्यूंतूनच जन्मले. १९६४ च्या मे महिन्यात शार्लट येथे शर्यतपटू ग्लेन ‘फायरबॉल’ रॉबर्ट्स भाजले व जुलैत वारले. त्याच दशकात ड्युपाँ कंपनीचा नोमेक्स हा न वितळणारा, ज्वाला न धरणारा तंतू शर्यतपटूंच्या अंगावर आला. १ ऑगस्ट १९७६ रोजी न्यूरबर्गरिंगवर निकी लाउडा यांच्या गाडीने पेट घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे व्रण पुढे जन्मभर त्या दिवसाची साक्ष देत राहिले. उलट २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँ यांची गाडी दुभंगून पेटली, व ते सुमारे २८ सेकंद ज्वालांत राहून हातांवरील भाजण्यावर निभावून बाहेर आले. या दोन घटनांमधील अंतर म्हणजे चव्वेचाळीस वर्षांत साचलेल्या नियमांचे अंतर होय.

अग्निरोधक पोशाख माणसाला अभेद्य करीत नाही, तो वेळ विकत घेतो. आणि अमेरिकेतील एसएफआय संस्थेच्या प्रमाणांत हा वेळ सेकंदांत मोजलेला आहे. एका पदराच्या सर्वांत साध्या पोशाखात, ३.२ए/१ या श्रेणीत, त्वचेवर दुसऱ्या दर्जाचे भाजणे उमटावयास सुमारे ३ सेकंद लागतात, ३.२ए/५ या श्रेणीत सुमारे १० सेकंद. आणि सर्वोच्च ३.२ए/२० या श्रेणीत सुमारे ४०. पट्टे सोडून, दार उघडून बाहेर पडावयास आपल्याला किती सेकंद लागतात, हे ज्याने घड्याळ लावून एकदा तरी पाहिले असेल त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. हौशी वर्गांत असा पोशाख सहसा सक्तीचा नसतो. तेथे लांब बाह्यांचे व पूर्ण पायांचे सुती कपडे मागितले जातात. सुती कापड जळते, पण नायलॉनसारखे वितळून कातडीला चिकटत नाही. आणि म्हणून अंगाच्या सर्वांत जवळचा कपडा कशाचा आहे, हा प्रश्न वरच्या कपड्याइतकाच महत्त्वाचा आहे. अग्निशामक नळकांडे बाळगणाऱ्याने ते धातूच्या पकडीत पक्के बसवावे. कारण वर पाहिलेल्या त्याच धडकेत आसनाखाली सुटे ठेवलेले १ किलोचे नळकांडे ४० किलोंच्या ओझ्याइतक्या बळाने पुढे धावते.

निरनिराळ्या देशांच्या पद्धती शेजारी शेजारी ठेविल्या असता एक चमत्कारिक चित्र दिसते. अमेरिकेत संघांची शिस्त कडक, हेल्मेट अपरिहार्य, आणि शिक्षक व विद्यार्थी या दोघांना सारख्याच प्रतीचे पट्टे मिळाले पाहिजेत असा नियम. विद्यार्थ्याने स्वतःसाठी हार्नेस बसविला आणि शेजारच्या आसनावर साधा पट्टा ठेविला, तर ती गाडी शिक्षणासाठी नामंजूर होते. या नियमात न्यायबुद्धी आहे, कारण दुसऱ्याच्या चुकीने जाणाऱ्याचे रक्षण चूक करणाऱ्यापेक्षा कमी असू नये. याच्या उलट टोकाला जर्मनीतील न्यूरबर्गरिंगचा जुना उत्तर मार्ग आहे. १९२७ साली खुला झालेला, २०.८३२ किलोमीटरांचा हा मार्ग पर्यटकांच्या फेऱ्यांच्या वेळी कायद्याने एकेरी टोलचा रस्ता समजला जातो; रहदारीचेच नियम तेथे चालतात, आणि मोटारचालकाला हेल्मेटाची सक्ती नसते. जगातील अत्यंत कठीण मानल्या गेलेल्या वळणांवर कोणीही टोपीवाचून जाऊ शकतो, आणि अमेरिकेतील सपाट, प्रशस्त, दोन्ही बाजूंना मोकळे मैदान असलेल्या ट्रॅकवर मात्र हेल्मेटावाचून पाऊल ठेवता येत नाही. यावरून हे नियम संकटाच्या मापाने नव्हे, अंमलाच्या सीमेने ठरतात, हे उघड होते.

आपल्या देशात या छंदाची भूमी दक्षिणेत तयार झाली. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमच्या विमानपट्टीवर शर्यती रुजविल्या व पुढे इरुंगट्टुकोट्टै येथे कायमचा ट्रॅक उभारला, कोइमतूरला एस. करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक आहे. आणि २०११ साली ग्रेटर नोएडा येथे ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅक सुरू झाला. पुण्या-मुंबईचा हौशी चालक आपली गाडी घेऊन बहुधा यांपैकीच एखाद्या ठिकाणी जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांना जी संघांची शिस्त सहज लाभते, ती येथे पुष्कळदा त्या त्या आयोजकाच्या विवेकावर सोपविलेली असते. शर्यतीत उतरणाऱ्याला मोटारक्रीडेच्या राष्ट्रीय महासंघाचा परवाना व त्याची साधनसूची बंधनकारक असते. शर्यतीत न उतरणाऱ्याला मात्र हातातील यादीपलीकडे कोणी विचारीत नाही. शिवाय आपली हवा स्वतंत्र अडचणी निर्माण करते. चेन्नईच्या दुपारी अग्निरोधक कपडे व पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट घालून बसणे हा देहदंडच वाटतो, आणि सवलत मागण्याचा मोह तेथेच होतो. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे कोरडे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या तेलाची किमान मर्यादा १५५ अंश आहे. कोकणातला एक पावसाळा पाहिलेले तेल घेऊन ट्रॅकवर उतरलेल्याचे पाऊल पाचव्या फेरीत रिकाम्या पायपट्टीवर पडले, तर त्याच्या हेल्मेटाची प्रत कितीही उच्च असो, मूळ दोष तेलाचाच राहील.

या सर्व नियमांवर तीन हरकती नेहमी घेतल्या जातात. पहिली खर्चाची. ती खरी आहे, आणि म्हणूनच क्रमाची आवश्यकता आहे : प्रथम गाडीचे ब्रेक, टायर व चाकांच्या नटांची खातरजमा; मग ‘एसए’ प्रतीचे हेल्मेट; मग सुती कपडे, हातमोजे व बूट; आणि आसन, हार्नेस, रोल बार व मानेचे साधन ही चौकडी सर्वांत शेवटी, पण एकाच वेळी. हार्नेसची मुदतही या खर्चात धरावी लागते : एसएफआयच्या शिक्क्याला दोन वर्षे, आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या शिक्क्याला पाच. पट्ट्याचा तंतू उन्हाने क्षीण होतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, हे त्या मुदतीचे कारण आहे.

दुसरी हरकत अशी, की कवच चढविले म्हणजे माणूस बेफिकीर होतो. हीत तथ्यांश आहे, परंतु तिचे उत्तर साधन काढून टाकण्यात नाही; शिक्षकाच्या सान्निध्यात, वेगाच्या क्रमवार वाढीत आणि थकल्यावर स्वतःहून खाली उतरण्याच्या सवयीत आहे. तिसरी हरकत स्वातंत्र्याची : जीव माझा, कागदावर सही माझी, मग तुमची सक्ती कशासाठी? परंतु पेटलेल्या गाडीकडे धावणारा स्वयंसेवक, शेजारच्या आसनावरील शिक्षक आणि घरी वाट पाहणारी माणसे यांपैकी कोणाचीही त्या कागदावर सही नसते. त्यांच्या वतीने बोलणारी एकच गोष्ट त्या दिवशी ट्रॅकवर हजर असते, ती म्हणजे ही यादी.

यावरून आमचा अभिप्राय असा, की आयोजकांनी आपल्या याद्या लांब करण्यापेक्षा सकारण कराव्यात. ‘हेल्मेट आवश्यक’ या दोन शब्दांऐवजी कोणत्या प्रतीचे व कशासाठी हे एका वाक्यात लिहावे. हार्नेसच्या कलमाखाली मानेच्या साधनावाचून तो लावू नये असे ठसठशीत छापावे. आणि तपासनिसाला नामंजुरीचा जो अधिकार दिलेला असतो, तो त्याने वापरला असता त्याच्या पाठीशी उभे राहावे. चालकाने, आपल्या बाजूने, प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारावा : तू घेतलेला आघात पुढे कोणाकडे जाणार आहेस? ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर एका कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत देता येईल, त्या दिवशी यादीखालच्या कागदावर सही करावी. त्या आधी ट्रॅकवर जाण्यास हरकत नाही. मात्र कारखान्याने दिलेला पट्टा लावून, शिक्षकाला शेजारी बसवून, आणि ज्या वेगाला आपले अपुरे कवचही पुरेसे आहे त्याच वेगाने.